मेंदूचं लाइट बिल

मेंदूचं वजन शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के. पण आपण नुसते बसून असतो तेव्हा शरीर जेवढी ऊर्जा वापरतं, त्यातली २० टक्के एकटा मेंदू खातो. हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असणारच. वॅटमध्ये सांगायचं तर हा खर्च २० वॅटच्या आसपास येतो, म्हणजे घरातल्या एका एलईडी ट्यूबलाइटएवढा. यावर लोक दोन प्रकारे चकित होतात. काहींना वाटतं, "बापरे, एवढा?" आणि आपल्यासारख्या सर्व्हरची बिलं बघणाऱ्यांना वाटतं, "फक्त एवढाच?"

मला मात्र तिसराच प्रश्न जास्त आवडतो. हे वीस वॅट जातात कुठे?

घराचं लाइट बिल जास्त आलं की आपण लगेच तपास सुरू करतो. एसी किती वेळ चालला, गीझर कोणी चालू ठेवला, जुना फ्रिज बदलायला झालाय का वगैरे. मीटर घराला एकच असतो. तो एकूण आकडा सांगतो, पण गुन्हेगाराचं नाव सांगत नाही. मेंदूचंही तसंच झालं. एकूण आकडा १९४० च्या दशकातच कळला होता. पण त्यातला गीझर कुठला, हे शोधायला पुढे बरीच वर्षं गेली आणि जे सापडलं ते बहुतेकांच्या अंदाजाच्या उलट होतं. आज त्याचीच गोष्ट.

आधी थोडी शरीररचना, दहावीनंतर जीवशास्त्राला रामराम ठोकलेल्यांसाठी. (मीही त्यातलाच :) ) चेतापेशीच्या मध्यभागी एक गोळा असतो. त्यात केंद्रक, डीएनए वगैरे मंडळी राहतात. हा पेशीकाय. त्याला झाडासारख्या फांद्या फुटलेल्या असतात, ते डेंड्राइट. इतर पेशींचे निरोप इथे येऊन पोचतात. दुसऱ्या बाजूने एक लांब वायर निघते, ती अ‍ॅक्सॉन. पेशीचा स्वतःचा निरोप या वायरमधून बाहेर जातो. वायरच्या टोकांना बारीक गाठी असतात. निरोप पोचला की गाठीतून एक रसायन बाहेर पडतं आणि पलीकडच्या पेशीच्या फांदीवर जाऊन आदळतं. या जोडाला सिनॅप्स म्हणतात.

आता कुणालाही विचारा, यातला सगळ्यात खर्चिक भाग कुठला? उत्तर येईल, मधला गोळा. तिथेच तर मुख्य ऑफिस आहे, निर्णय तिथेच होतो. वायर काय, वायरच. जोड काय, जोडच.

गोष्ट सुरू होते हर्मन फॉन हेल्महोल्ट्झपासून. हा माणूस प्रशियाच्या लष्करात डॉक्टर होता आणि १८४७ साली त्याने ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमावरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. ऊर्जा निर्माण होत नाही, नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते. मग सजीवांनाही हा नियम लागू असला पाहिजे, आणि जिथे काम होतं तिथे थोडी तरी उष्णता बाहेर पडली पाहिजे. १८४८ मध्ये त्याने बेडकाच्या पायाच्या स्नायूची उष्णता मोजून दाखवली. स्नायू आकुंचन पावला की तो किंचित गरम होतो. त्याने हाच प्रयोग चेतातंतूवर केला आणि तिथे त्याला काहीच सापडलं नाही. १८५० मध्ये याच माणसाने चेतातंतूतून निरोप किती वेगाने जातो तेही मोजलं. बेडकात हा वेग सेकंदाला सुमारे २७ मीटर भरला. म्हणजे काहीतरी धावतंय हे नक्की, पण धावताना घाम येत नाही. विचित्रच की!

हे कोडं साठ-पासष्ट वर्षं तसंच राहिलं. मग आला आर्चिबाल्ड हिल. मूळचा केंब्रिजचा गणिती, नंतर शरीरशास्त्राकडे वळलेला. स्नायूंच्या उष्णतेवरच्या कामासाठी त्याला १९२२ चं नोबेल मिळालं. त्याने १९१२ मध्ये चेतातंतूची उष्णता मोजायचा प्रयत्न केला आणि निष्कर्ष काढला की एका निरोपामागे तापमान वाढत असेलच, तर ती वाढ एका अंशाच्या दहा कोटीव्या भागाहून जास्त नाही. थोडक्यात, शून्य. यावरून असं मानायला जागा होती की चेतातंतू म्हणजे तारेसारखी निव्वळ भौतिक वस्तू असावी, तिला खायला-प्यायला लागत नसावं.

पण हिल चिकट माणूस. उपकरणं सुधारत राहिला. १९२६ मध्ये डाउनिंग आणि जेरार्ड या सहकाऱ्यांबरोबर त्याला ती उष्णता अखेर सापडली. अत्यंत थोडी, पण होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती कधी बाहेर पडते ते कळलं. निरोप जाताना उष्णतेचा अगदी छोटा हिस्सा बाहेर पडत होता. बाकीची जवळजवळ सगळी उष्णता निरोप जाऊन गेल्यावर, पुढची कित्येक मिनिटं हळूहळू बाहेर येत होती.

म्हणजे खर्च निरोप पाठवायचा नव्हता. निरोप पाठवून झाल्यावर आवराआवर करायचा होता.

याचा अर्थ समजायला इन्व्हर्टर आठवा. लोडशेडिंग बघितलेल्या कुणालाही हे सांगायला नको. लाइट गेल्यावर पंखा बॅटरीवर फिरतो, तेव्हा मीटर ढिम्म असतो. लाइट आल्यावर बॅटरी चार्ज व्हायला लागते आणि मग मीटर पळतो. चेतापेशीची बॅटरी म्हणजे तिच्या पातळ आवरणाच्या दोन बाजूंना असलेला क्षारांचा फरक. बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. निरोप जातो तेव्हा आवरणातली दारं उघडतात आणि सोडियम उतारावरून घरंगळल्यासारखा आपोआप आत शिरतो. याला वेगळी ऊर्जा लागत नाही. नंतर तो सोडियम उपसून परत बाहेर टाकायचा, त्याला मात्र ऊर्जा लागते.

हे सिद्ध केलं अ‍ॅलन हॉजकिन आणि रिचर्ड कीन्स यांनी, १९५५ मध्ये. माकूळ आणि त्याच्या भाईबंदांमध्ये एक राक्षसी जाडीचा अ‍ॅक्सॉन असतो, नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका. त्याला त्यांनी सायनाइडसारखी विषं दिली, जेणेकरून पेशीची ऊर्जानिर्मिती बंद पडेल. निरोप जाणं थांबलं का? नाही, चालूच राहिलं. थांबलं ते सोडियम बाहेर टाकण्याचं काम. १९६० मध्ये हॉजकिन, कीन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच विष दिलेल्या अ‍ॅक्सॉनमध्ये एटीपी टोचून हे उपसणं पुन्हा सुरू करता येतं हे दाखवलं. (एटीपी म्हणजे पेशीचं चलन. अन्नातून मिळालेली ऊर्जा पेशी या रेणूच्या रूपात खर्च करते.)

उपसणारा पंप कुठला, हे डेन्मार्कमधल्या आऱ्हुसच्या येन्स स्कौने १९५७ मध्येच शोधलं होतं, खेकड्याच्या पायातल्या चेतातंतूंवर काम करून. एक एटीपी खर्च करून तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. या कामाचं नोबेल स्कौला मिळालं १९९७ मध्ये, म्हणजे बरोब्बर चाळीस वर्षांनी. अप्रेझलला उशीर झाला म्हणून कुरकुरणाऱ्यांनी हे नाव भिंतीवर लावून ठेवावं :)

तर पैसे कशावर जातात ते कळलं : पंपावर. पण पंप पेशीवर सगळीकडे बसवलेले असतात, गोळ्यावर, वायरवर, फांद्यांवर. सगळ्यात जास्त राबतात ते कुठले? हे कळायला खोलीखोलीतले मीटर हवे होते. आणि त्या काळात मुळात घराचा मुख्य मीटरच जेमतेम बसला होता.

मुख्य मीटर बसवला सेमूर केटी आणि कार्ल श्मिट या दोघांनी, फिलाडेल्फियात, १९४५ ते १९४८ च्या दरम्यान. जिवंत, जाग्या माणसाच्या मेंदूला हात न लावता त्याचा खर्च कसा मोजायचा? त्यांची युक्ती हिशेबनिसाची होती. माणसाला थोडा नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लाफिंग गॅस, हुंगायला द्यायचा. रोहिणीतल्या रक्तात तो किती आहे आणि मेंदूतून परत येणाऱ्या मानेतल्या नीलेत किती आहे, हे दर थोड्या वेळाने मोजायचं. त्यावरून मेंदूतून मिनिटाला किती रक्त वाहतं ते निघतं. मग जाणाऱ्या आणि येणाऱ्या रक्तातल्या ऑक्सिजनमधला फरक घेतला की झाला हिशेब. उत्तर आलं : १०० ग्रॅम मेंदूमागे मिनिटाला ५४ मिलिलिटर रक्त आणि ३.३ मिलिलिटर ऑक्सिजन. सुरुवातीचं ते २० टक्केवालं वाक्य या मोजमापांतून आलेलं आहे.

आता गंमत बघा. १९५५ मध्ये केटीच्या गटातल्या लुई सोकोलॉफने हाच मीटर लावून तरुण मंडळींना तोंडी गणितं सोडवायला लावली. अपेक्षा काय असेल? डोकं चालवलं की खर्च वाढेल. तर नाही. मेंदूचा एकूण ऑक्सिजनचा वापर होता तिथेच राहिला. त्याच सुमारास झोपेतही मोजून पाहिलं. साध्या झोपेतही एकूण खर्चात म्हणण्यासारखी घट दिसली नाही. गणित करा नाहीतर घोरत पडा, मीटर आपला एकाच वेगाने फिरतोय!

इथे एखाद्याने हात टेकले असते आणि म्हटलं असतं की विचारांना ऊर्जा लागत नाही. सोकोलॉफने तसं केलं नाही. त्याला दिसलं की दोष मीटरच्या जागेचा आहे. इतक्या मोठ्या घरात एका खोलीत दिवा लागला, तर मुख्य मीटरवर ते जाणवणार कसं? (पुढे हे मोजलंही गेलं. एखादं काम करताना मेंदूच्या संबंधित भागातली वाढसुद्धा बहुधा ५ टक्क्यांच्या आतच असते.) आपण नाही का, सर्व्हरचा एकूण सीपीयू वापर बघून काही कळलं नाही की प्रोफायलर लावतो आणि कुठलं फंक्शन किती वेळ खातंय ते बघतो? सोकोलॉफला मेंदूसाठी प्रोफायलर हवा होता.

तो त्याने बनवला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत बरीच वर्षं खपून त्याच्या गटाने १९७७ मध्ये पद्धत प्रसिद्ध केली. मेंदूचं मुख्य इंधन ग्लुकोज. ग्लुकोजसारखाच दिसणारा, पण एका ठिकाणी ऑक्सिजनचा अणू कमी असलेला एक रेणू आहे, डीऑक्सिग्लुकोज. पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेते, पहिली पायरी चढवते, आणि पुढची पायरी त्याला चढता येत नाही. तो तिथेच अडकून बसतो. त्याला किरणोत्सारी कार्बनची खूण लावून ठेवली, तर जिथे जास्त ग्लुकोज खाल्लं जातं तिथे जास्त खुणा साठतात. मग मेंदूचे पातळ काप काढायचे, क्ष-किरणांच्या फिल्मवर ठेवायचे आणि काळेपणा मोजायचा. जितकं काळं तितका खर्च.

आणि मग १९७९ मध्ये या मंडळींनी एक प्रयोग केला, जो मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात देखणा वाटतो.

मेंदूच्या बऱ्याचशा भागात सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. कुणाचा गोळा, कुणाची वायर, कुणाची फांदी, काही वेगळं काढता येत नाही. पण एक जागा अशी आहे जिथे पेशीकाय एका ठिकाणी असतात आणि त्यांच्या वायरींची टोकं पार दुसऱ्या ठिकाणी, पियुषिका ग्रंथीच्या मागच्या भागात. या पेशींचं काम शरीरातलं पाणी जपणं. तहान लागली की त्या जोरात कामाला लागतात. सोकोलॉफच्या गटाने उंदरांना पाच दिवस पिण्यासाठी २ टक्के मिठाचं पाणी दिलं. पेशी अर्थातच धावपळ करू लागल्या. मग डीऑक्सिग्लुकोज देऊन काप काढले.

जिथे वायरींची टोकं होती तो भाग काळाकुट्ट झाला. जिथे पेशीकाय होते तिथे काहीच फरक नाही.

त्याच पेशी, तेच काम. ऑफिसचं बिल जैसे थे आणि शेवटच्या टोकाच्या टपरीचं बिल वाढलेलं. पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, त्यांनी हाच भाग बाहेर काढून विजेने उत्तेजित केला आणि त्याला वाबेन दिलं. वाबेन म्हणजे आफ्रिकेत बाणांना लावायचं विष, जे नेमका स्कौचा पंप बंद पाडतं. वाबेन दिल्यावर ती वाढ नाहीशी झाली. म्हणजे टोकांचा वाढलेला खर्च हा पंपाचाच होता.

कुणी म्हणेल, ही एक खास जागा झाली, इतरत्र काय? १९८५ मध्ये याच गटाने उंदराच्या पायाच्या मोठ्या चेतातंतूला विजेचे झटके दिले. या तंतूचे पेशीकाय मणक्यालगतच्या गाठींमध्ये असतात आणि वायरींची टोकं मज्जारज्जूच्या आत. झटक्यांचा वेग वाढवत नेला तसा मज्जारज्जूतल्या त्या टोकांच्या भागाचा खर्च वेगाच्या प्रमाणात वाढत गेला. पेशीकायांच्या गाठीचा आकडा हललासुद्धा नाही. उत्तर तेच.

दुसऱ्या बाजूने मार्गारेट वाँग-रायली याच प्रश्नाकडे येत होत्या. १९७९ मध्ये त्यांनी मांजरांच्या मेंदूत सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकराला रंग चढवायची पद्धत वापरली. हे विकर पेशीच्या वीजघरात, म्हणजे मायटोकाँड्रियात, असतं. जिथे कायमची मागणी जास्त तिथे वीजघरंही जास्त आणि रंगही गडद. एक डोळा बंद ठेवला तर त्या डोळ्याकडून निरोप येणाऱ्या भागाचा रंग उतरतो. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पेशीचा एकेक भाग तपासल्यावर दिसलं की सगळ्यात गडद रंग बहुतेक ठिकाणी डेंड्राइटमध्ये असतो, जिथे इतरांचे निरोप येऊन आदळतात.

या दोन्ही निष्कर्षांना जोडणारी गोष्ट म्हणजे सिनॅप्स. खर्च जोडाच्या आजूबाजूला होता. काही अलीकडच्या टोकात, काही पलीकडच्या फांदीत. मधल्या गोळ्याचा खर्च प्रथिनं बनवणं, दुरुस्त्या अशा रोजच्या घरकामाचा, आणि तो पेशी कितीही धावपळ करत असली तरी फारसा बदलत नाही.

असं का व्हावं? थोडा विचार केला की कळतं. बारीक फांदी आणि बारीक टोक यांचा आकार इवलासा, पण त्या मानाने आवरणाचं क्षेत्रफळ प्रचंड. छोट्या खोलीला भरमसाट खिडक्या असाव्यात तसं. दारं उघडली की आत सोडियम भसाभस शिरतो आणि पंपांना उसंत मिळत नाही. जाडजूड गोळ्याला तेवढ्याच सोडियमने फरक पडत नाही.

२००१ मध्ये डेव्हिड अ‍ॅटवेल आणि सायमन लॉफलिन यांनी या सगळ्याचा चक्क ताळेबंद मांडला. उंदीरवर्गीय प्राण्यांच्या मेंदूतला करडा भाग घेऊन त्यांनी एकेका दारातून किती सोडियम येतो आणि तो उपसायला किती एटीपी लागतात हे मोजलं. टोकातून रसायनाची एक पुडी सुटली, तर पलीकडच्या फांदीला होणारा खर्च सुमारे १ लाख ४० हजार एटीपी. ती पुडी सोडायचा आणि रसायन परत गोळा करायचा खर्च मिळून जेमतेम २०-२५ हजार. पत्र टाकणाऱ्याला स्वस्त, घेणाऱ्याला महाग!

त्यांच्या पहिल्या हिशेबात मात्र वायरीतून निरोप जाण्याचा वाटा सगळ्यात मोठा होता, ४७ टक्के. घेणाऱ्या फांद्यांचा ३४. पण हा आकडा माकुळाच्या त्या राक्षसी अ‍ॅक्सॉनवरून आला होता. तो अ‍ॅक्सॉन मोजायला सोपा, पण खर्चाच्या बाबतीत उधळ्या. सोडियम आत यायची आणि पोटॅशियम बाहेर जायची दारं त्यात एकाच वेळी उघडी राहतात, म्हणून किमान गरजेच्या सुमारे चौपट सोडियम आत येतो. २००९ मध्ये फ्रँकफर्टमध्ये उंदराच्या मेंदूतल्या अ‍ॅक्सॉनवर मोजलं तेव्हा हा गुणक चारऐवजी १.३ निघाला. सस्तन प्राण्यांची वायर भलतीच काटकसरी आहे. मग २०१२ मध्ये क्लेअर हॉवर्थ आणि अ‍ॅटवेल यांनी सुधारित हिशेब दिला. मेंदूच्या बाहेरच्या थरात निरोपांच्या देवाणघेवाणीवर होणाऱ्या खर्चापैकी घेणाऱ्या फांद्यांचा वाटा ५० टक्के, वायरीतल्या निरोपाचा २१, बॅटरी नुसती भरलेली ठेवण्याचा २०, आणि रसायन सोडणं व गोळा करणं मिळून उरलेले ९.

सापडला गीझर. निरोप घेणं, हा मेंदूतला सगळ्यात मोठा खर्च आहे.

आता कुणी विचारेल, बरं मग? कुठल्या खोलीत बिल येतं याने आपल्याला काय फरक पडतो?

पहिला फरक चित्रांचा. मेंदूचा एखादा भाग लाल-पिवळा झालेला आणि खाली "प्रेमात पडल्यावर मेंदूचा हा भाग पेटतो" छापाची ओळ, अशी चित्रं तुम्ही पेपरात पाहिली असतील. ही बहुतेक एफएमआरआयची असतात, आणि एफएमआरआय चेतापेशींचे निरोप थेट बघत नाही. तो बघतो रक्तातल्या ऑक्सिजनची हालचाल. २००१ मध्ये निकोस लोगोथेटिस यांच्या गटाने माकडांच्या मेंदूत एकाच वेळी एफएमआरआय आणि विजेच्या तारा लावून तपासलं. एफएमआरआयचा संकेत त्या भागातून बाहेर जाणाऱ्या निरोपांपेक्षा त्या भागात येणाऱ्या आणि तिथे घोळणाऱ्या निरोपांशी जास्त जुळला. खर्च कुठे होतो हे माहीत असलेल्याला याचं नवल वाटणार नाही. म्हणजे चित्रात लाल दिसणारा भाग "इथे हा विचार होतोय" असं सांगत नसून बऱ्याचदा "इथे बरेच निरोप येऊन पडतायत" एवढंच सांगत असतो. त्यांचं पुढे काय झालं, हे चित्रात नाही. इनबॉक्समध्ये मेल किती आल्या यावरून माणसाने काम किती केलं हे ठरवू नये, हे आपल्याला कोणी शिकवायला नको :)

दुसरा फरक जास्त गंभीर आहे. १९८२ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात काही तरुण माणसं अचानक लाकडासारखी ताठ झाली. हलता येईना, बोलता येईना. म्हातारपणी होणाऱ्या पार्किन्सन्सची सगळी लक्षणं, तीही काही दिवसांत. डॉक्टर विल्यम लँगस्टन यांनी माग काढला तेव्हा कळलं की सगळ्यांनी घरगुती बनावटीचं एक नशेचं औषध टोचून घेतलं होतं आणि त्यात एमपीटीपी नावाचं अशुद्ध द्रव्य होतं. १९८३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढे उलगडलं की त्या द्रव्यापासून शरीरात बनणारं विष डोपामिन पेशींमध्ये शिरतं आणि त्यांचं वीजघर बंद पाडतं.

वीजघर तर प्रत्येक पेशीत असतं. मग याच पेशी एवढ्या नाजूक का? विष याच पेशींत ओढलं जातं हे एक कारण झालं. पण साध्या, विषाशी संबंध नसलेल्या पार्किन्सन्समध्येही प्रामुख्याने याच पेशी मरतात. त्याचं एक संभाव्य उत्तर त्यांच्या आकारात आहे. ऑक्सफर्डच्या पॉल बोलम आणि एलेफ्थेरिया पिसादाकी यांनी २०१२-१३ मध्ये हिशेब मांडला. माणसाच्या मेंदूतली अशी एक पेशी आपल्या वायरीला इतके फाटे फोडते की सगळ्यांची लांबी जोडली तर ती ४ मीटरच्या पुढे जाते, आणि तिचे सिनॅप्स भरतात १० ते २४ लाख. एका पेशीला एवढी टोकं पोसायची! तरुणपणी सगळं नीट चालतं. वय वाढलं, वीजघरं थकली, की ओढाताण सुरू होते, आणि आधी कोमेजतात ती लांबची टोकं. हे एक गृहीतक आहे, रोगाचं संपूर्ण उत्तर नाही. पण ते सुचायला खर्च टोकांवर होतो हे आधी माहीत असावं लागतं. नुसत्या पेशीकायाकडे बघत राहिलं तर ते दिसतच नाही.

टोकांकडे लक्ष गेल्यावर नवीन प्रयोगही आले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये टिमोथी रायन यांच्या प्रयोगशाळेत विद्या रंगराजू आणि सहकाऱ्यांनी काजव्याच्या प्रकाश देणाऱ्या विकरापासून एक मीटर बनवला आणि तो थेट वायरीच्या टोकात बसवला. एटीपी असेल तेवढा तो चमकतो. एका टोकात विश्रांतीत सुमारे दहा लाख एटीपी असतात. ऐकायला भरपूर वाटतात, पण काम सुरू झालं की हा साठा पुरत नाही. टोकाला जागच्या जागी नवीन एटीपी बनवत राहावं लागतं. ती निर्मिती थांबवली की टोकाचं काम लगेच अडतं. २०२१ मध्ये याच प्रयोगशाळेने दाखवलं की टोक काहीच करत नसलं तरी रसायनाच्या पुड्या भरलेल्या ठेवण्यासाठी त्याला सतत खर्च करावा लागतो. स्टँडबायवरचा टीव्ही!

सोकोलॉफचा प्रोफायलर तर केव्हाच प्रयोगशाळेबाहेर पडला. डीऑक्सिग्लुकोजला किरणोत्सारी फ्लोरीन जोडून १९७६ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात माणसावर पहिल्यांदा वापरलं गेलं. आज कॅन्सरच्या रुग्णाचा पेट स्कॅन होतो तेव्हा शिरेतून दिलं जाणारं द्रव्य बहुधा हेच असतं. गाठीची पेशी ग्लुकोज अधाशासारखी खाते, म्हणून ती उजळून दिसते. मेंदू कुठे खर्च करतो या प्रश्नामागे लागलेल्या माणसांची युक्ती अशी आपल्या ओळखीतल्या कुणाच्या तरी कामी आलेली असते.

१९५५ चा गणिताचा प्रयोग मला म्हणूनच सारखा आठवतो. त्यातला आकडा चुकीचा नव्हता. आजही मोजलात तर तोच येईल. फक्त तो बेरजेचा होता, आणि बेरजेत वाटे दिसत नाहीत. सोकोलॉफने आकड्यावर संशय घेतला नाही, आपला मीटर कुठे बसलाय ते बघितलं, आणि पुढची बावीस वर्षं दुसरा मीटर बनवण्यात घालवली.

असो. आता पेपरात मेंदूचं रंगीत चित्र दिसलं, की तो लाल डाग निरोप देणाऱ्याचा की घेणाऱ्याचा, एवढं एकदा मनात विचारून बघा. खालची ओळ लिहिणाऱ्याने बहुतेक विचारलेलं नसतं.